कुंभार्ली घाटासाठी टायर निवडताना

आमच्या ब्रेझाचे कंपनीकडून आलेले टायर पाच वर्षं आणि ४३ हजार किलोमीटरच्या आसपास चालले. ते गोटा झालेले नव्हते. नक्षी दिसत होती, आणि नेहमीचा पंक्चरवाला म्हणत होता, “ताई, अजून दहा हजार आरामात काढतील.” तरी मी चारही टायर बदलले. बदलण्याआधी जे वाचलं, विचारलं आणि मोजलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण टायर घ्यायचे म्हटलं की आपल्याकडे पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न एकच असतो: “किती किलोमीटर जातात?” माझ्या रस्त्याला हा प्रश्न पुरत नाही.

माझं सासर कराड, माहेर चिपळूण. मधे पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कराडातून कोरड्या रस्त्यावर निघालेली गाडी दीड तासात अशा पावसात शिरते की वायपर शेवटच्या वेगावर ठेवूनही पुढचं नीट दिसत नाही. घाटात डोंगरावरून वाहून आलेली लाल माती, कडेला शेवाळ, झाडांचा पाला, आणि चढावर पहिल्या गिअरमध्ये रडत चढणाऱ्या ट्रक-टँकरनी सांडलेलं डिझेल. लोट्याच्या एमआयडीसीची बरीच जड वाहतूक याच रस्त्यानं होते. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते, आणि मागच्या सीटवर सासूबाई आणि मुलं असतात.

२०२५ च्या गणपतीत माहेराहून परत येताना एका चढाच्या वळणावर पुढचं चाक जागच्या जागी फिरलं. वेग विशीच्या आत होता. त्याआधी उतरताना एसटीच्या मागे साधा ब्रेक लावला तरी एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) थरथराट पायाखाली आला होता. त्याच गाडीत, त्याच घाटात, तशाच पावसात आधीच्या वर्षी असं होत नव्हतं. म्हणजे बदललं होतं ते रबर.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते खोली मोजायचं. टायरच्या खाचेत घालून मिलिमीटर दाखवणारं छोटं गेज मिळतं, दीड-दोनशे रुपयांच्या आत. ज्याच्याकडे गाडी आहे त्यानं ते डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. नवीन टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर असते. कायद्यानं कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर लागते. प्रत्येक टायरच्या मुख्य खाचांत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची तेवढीच असते. नक्षी घासून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. माझे पुढचे दोन्ही टायर मध्यावर २.८ भरले, मागचे ३.६. पुढच्या डाव्या टायरची आतली कड मात्र २.१ वर आली होती. गाडीखाली वाकल्याशिवाय ती दिसत नाही. पंक्चरवाला उभ्यानं जे बघतो ती बाहेरची कड असते.

कायद्याच्या हिशोबानं चारही टायर अजून पास होते. पण १.६ ही टायर फेकून देण्याची रेषा आहे. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर तीन मिलिमीटरच्या खाली गेल्यावर झपाट्यानं वाढतं, आणि म्हणून जास्त पावसाच्या प्रदेशात तीनलाच बदल करा असं टायरमधले बरेच जाणकार सांगतात. मला ते पटतं.

तरी खोलीनं सगळं उत्तर मिळत नव्हतं. खाचांचं काम पाणी बाहेर फेकण्याचं. हायवेवर ऐंशीच्या वेगानं साचलेल्या पाण्यात शिरलो की ते काम जीव वाचवतं, नाहीतर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टेअरिंग हलकं पडतं. पण घाटात मी विशी-तिशीत असते. तिथं टायर तरंगत नाही. तिथं प्रश्न असतो रबर ओल्या, बुळबुळीत डांबराला किती चिकटतं याचा, आणि तो रबराच्या मिश्रणावर आणि वयावर अवलंबून असतो. टायर उन्हात, हवेत, उष्णतेत हळूहळू कडक होत जातो. आमची गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये असते, पश्चिमेचं ऊन थेट चाकांवर. नखानं दाबून बघितलं तर रबर दबत नव्हतं, आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवर, रिमच्या थोडं वर, केसासारख्या बारीक भेगा दिसत होत्या.

वय बघायचं तर टायरवरच लिहिलेलं असतं. साइडवॉलवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक असतो, त्याच्या शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर ४५२० होतं. २०२० सालचा पंचेचाळिसावा आठवडा. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि पुष्कळदा ती बाजू आत गेलेली असते, मग मोबाइलचा टॉर्च घेऊन गाडीखाली आडवं व्हावं लागतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर नीट तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर दिसायला कितीही चांगला असला तरी वापरू नका, असा सर्वसाधारण सल्ला कंपन्या देतात. आपल्या उन्हात दहा वर्षं मला फारच जास्त वाटतात. कमी फिरणाऱ्या गाड्यांचे टायर नक्षी शाबूत ठेवूनच म्हातारे होतात, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

बदलायचे हे पक्कं झाल्यावर घरात सल्ले सुरू झाले. पुतण्याचं म्हणणं, ऑल टेरेन घ्या, जाड नक्षीचे, गाडी कशी दणकट दिसेल. भावोजींचा ट्रकचा धंदा आहे, ते म्हणाले, “वहिनी, सगळ्यात कडक टायर घ्या, साठ-सत्तर हजार बघायला नको.” नवऱ्याचं म्हणणं, मूळ जो होता तोच परत टाकू, गाडीवाल्या कंपनीनं काही विचार करूनच दिला असेल ना.

तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणून तिन्हींचा विचार केला.

ऑल टेरेन टायरचे मोठे ठोकळे माती-दगडात रुतून पकड घेतात. ओल्या डांबरावर मात्र ठोकळ्यांमधली जागा मोठी असल्यानं रस्त्याला टेकणारं रबर कमी पडतं, आवाज वाढतो, टायर वजनाला जड असल्यानं मायलेजही थोडं पडतं. रोज शेतातल्या पाणंदीतून जाणाऱ्याला, नाहीतर डोंगरावरच्या वाडीवस्तीवर राहणाऱ्याला ते घ्यावेच लागतील. आमचं कच्च्या रस्त्यावरचं जाणं म्हणजे चिपळूणच्या घरापुढची जांभ्याची वाट, तीही शंभर पावलांची. त्यासाठी उरलेला सगळा डांबरी रस्ता कमी पकडीनं चालवायचा हे मला मान्य नव्हतं.

भावोजींचा मुद्दा जास्त खोल होता. टायर टिकणं, ओल्या रस्त्यावरची पकड आणि मायलेज, या तिघांची आपसात ओढाताण असते. रबर कडक केलं की ते कमी झिजतं, पण ओल्यात धरत नाही. मऊ केलं की धरतं, पण लवकर झिजतं आणि चाक ओढायला इंजिनाला जोर लागतो. १९९० च्या दशकात मिशेलिननं रबराच्या मिश्रणात काजळीच्या जागी सिलिका वापरायला सुरुवात केली तेव्हापासून ही ओढाताण पुष्कळ सैल झाली, आज चांगल्या टायरमध्ये तिन्ही गोष्टी बऱ्यापैकी मिळतात. तरी संपलेली नाही. ज्या टायरची जाहिरात फक्त “एक लाख किलोमीटर” अशी असते, त्यात पकडीचं काय केलं हे विचारायला हवं. भावोजींचा ट्रक पुणे-बेंगळुरू रस्त्यावर सरळ धावतो, त्यांच्यासाठी किलोमीटर हाच धंद्याचा हिशोब आहे. माझी गाडी वर्षाला आठ-नऊ हजार चालते. सत्तर हजार चालणारा टायर घेतला तर तो झिजायच्या आत वयानं कडक होणार. म्हणजे जे टिकाऊपण मी पैसे देऊन घेतलं असतं ते वापरायला मिळालंच नसतं. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनाही पटलं.

मूळचाच टायर परत घेण्याबद्दल एवढंच सांगते की गाडी बनवणाऱ्या कंपनीला पुरवलेला टायर मायलेजच्या आकड्यासाठी, वजनासाठी आणि किमतीसाठी खास ठरवून घेतलेला असतो. त्याच नावाचा दुकानात मिळणारा टायर कधी वेगळा असतो, आणि त्याहून चांगले पर्यायही मधल्या पाच वर्षांत आलेले असतात.

मग आकार. आमचा २१५/६० आर १६. हाच आकार नेक्सॉन, वेन्यू, सोनेट यांच्याही काही व्हेरियंटना आहे, त्यामुळे निवड भरपूर मिळते. २१५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर, आणि १६ म्हणजे इंचातला रिम. एका दुकानात मला २१५/६५ घालायचा आग्रह झाला: “मॅडम, गाडी उंच होते, खड्डे लागत नाहीत.” मी तिथंच मोबाइलवर हिशोब केला. ६५ केल्यावर साइडवॉल पावणेअकरा मिलिमीटरनं वाढते, म्हणजे गाडी सेंटीमीटरभर उंच होते, एवढाच फायदा. पण चाकाचा पूर्ण व्यास ६६४ वरून ६८६ मिलिमीटर होतो, सव्वातीन टक्के जास्त. मीटरनं शंभर दाखवलं तर गाडी खरी एकशे तीनवर असेल. एबीएस आणि ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) चाकांच्या फिरण्यावरच चालतात, आणि कंपनीनं मंजूर केलेल्या आकाराबाहेर गेलं की वॉरंटी आणि इन्शुरन्सला वादाचं निमित्त मिळतं. एका सेंटीमीटरसाठी एवढं सगळं नको. मूळ आकारच ठेवला.

आकाराच्या पुढे ९५ एच असं लिहिलेलं असतं तेही बघावं. ९५ म्हणजे एका टायरनं ६९० किलो पेलायचं, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. तेवढ्या वेगानं कोण जातंय, असं म्हणून याच्या खालचं घेऊ नये. भार आणि वेगाची ही क्षमता मूळइतकी किंवा तिच्याहून वरचीच असावी. समृद्धी महामार्गावर गाड्यांना ताशी १२० ची परवानगी आहे, काँक्रीट उन्हानं तापलेलं असतं, गाडी माणसं-सामानानं भरलेली असते. तिथं टायर तापतो तेव्हा हे आकडे कामाला येतात. नागपूरला नणंदेकडे जाताना आम्हीही तो रस्ता धरतो.

ओल्या रस्त्यावरची पकड मात्र दुकानात बघून कशी कळणार, हा मला सगळ्यात कठीण वाटलेला भाग. युरोपात प्रत्येक टायरवर लेबल लावावं लागतं आणि त्यावर ओल्या रस्त्यावर थांबण्याची श्रेणी ए ते ई अशी छापलेली असते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२२ च्या अधिसूचनेनं ओली पकड, आवाज आणि रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध, ज्यात इंधन जातं) यांच्या मर्यादा आल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. पण ग्राहकाला दोन टायरांची ओली पकड शेजारी शेजारी ठेवून बघता येईल असं लेबल नाही. बीईईचे (केंद्राच्या ऊर्जाबचत संस्थेचे) तारे काही टायरांवर दिसतात, ते इंधनबचतीचे. ओल्या पकडीची श्रेणी आपल्याकडेही सक्तीनं छापली गेली पाहिजे. सह्याद्री ओलांडून जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा तो हक्क आहे असं मला वाटतं.

तोवर जे हाताशी होतं ते वापरलं. काही टायरांच्या साइडवॉलवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन आणि टेंपरेचर असे तीन शब्द आणि त्यांच्यापुढे आकडा किंवा अक्षरं असतात. ही अमेरिकी पद्धत. यातलं ट्रॅक्शन हे ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत थांबण्याच्या चाचणीवरून ठरतं: एए सर्वात वर, मग ए, बी, सी. ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा तितका टायर जास्त टिकणारा, पण तो प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे एका कंपनीचा ४०० आणि दुसरीचा ४०० सारखे धरता येत नाहीत. एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांत मात्र तुलना होते. शिवाय नक्षी बघितली: गोल फिरत जाणाऱ्या रुंद खाचा किती, आणि ठोकळ्यांवर ब्लेडनं कापल्यासारख्या बारीक चिरा आहेत का. या चिरांच्या कडा ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर मोडतात. शेवटी माणसांना विचारलं. चिपळूण-कराड रस्त्यावर रोज वडाप चालवणाऱ्या दोघांशी आणि पोफळीच्या एका ओळखीच्या गाडीवाल्याशी बोलले. त्यांच्याशी बोलताना कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा जास्त कळलं, कारण ते पावसाळ्यातल्या घाटाचीच भाषा बोलत होते.

यादीत तीन नावं उरली: अपोलोचा आप्टेरा क्रॉस, जो लहान एसयूव्हींसाठीच काढलेला आहे, मिशेलिनचा प्रायमसी ४ एसटी, आणि गुडइयरचा अॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स २. योकोहामाकडेही मन ओढत होतं. पण जून २०२० पासून टायरांची आयात परवान्याखाली आली, त्यामुळे परदेशात बनणारे काही नमुने आपल्याकडे आज असतात आणि उद्या नसतात. एक टायर फुटला तर त्याचा जोडीदार मिळाला पाहिजे, म्हणून कराड, सातारा, चिपळूण तिन्हीकडे सहज मिळेल असंच काही घ्यायचं ठरवलं होतं. आप्टेरा क्रॉसची साइडवॉल हाताला घट्ट लागली आणि खड्ड्यांसाठी तो मला आवडला. प्रायमसीचा शांतपणा सगळे वाखाणतात, किंमतही तशी. ट्रिपलमॅक्स २ चा सगळा भर ओल्या रस्त्यावर कमी अंतरात थांबण्यावर आहे, वडापवाल्यांपैकी एकाच्या गाडीला तो पावसाळाभर होता, आणि किंमत मधली. तोच घेतला. ज्याचा रस्ता खड्ड्यांचा आणि पाऊस बेताचा असेल त्याला मी आप्टेरा सांगेन.

किमतीचं एक सांगायचं राहिलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी भाव काढत होते तेव्हा एका दुकानदारानंच सांगितलं, “ताई, पितृपक्ष जाऊ द्या, घटस्थापनेपासून जीएसटी उतरतोय.” २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मूळ किंमत सात हजार धरली तर एका टायरला ८,९६० ऐवजी ८,२६०, चार टायरांचे २,८०० वाचले. त्या दुकानदाराला त्या दिवशी विक्री करता आली असती, पण त्यानं खरं ते सांगितलं. त्याच्याकडेच घ्यायचे असं तिथंच मनात आलं होतं, पण नेमका आमचा आकार त्याला लवकर मिळेना, म्हणून दुसरीकडे जावं लागलं.

दोनच टायर बदलायचा पर्यायही होता. पुढचे जास्त झिजले आहेत, पुढचे दोन नवीन टाका, असं जवळजवळ प्रत्येक दुकानात सांगतात. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असल्यानं ते बरोबरही वाटतं. पण दोनच घेतले तर नवीन टायर मागे जायला हवेत आणि मागचे पुढे यायला हवेत. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, वेग कमी केला की ती सावरता येते. मागची चाकं घसरली तर गाडी जागीच गरकन फिरते, आणि घाटात एका बाजूला दरी असते. तेव्हा सावरायला वेळच मिळत नाही. मोठ्या टायर कंपन्याही हेच सांगतात. हे मी दुकानात म्हटलं तेव्हा मालक नवऱ्याकडे बघून म्हणाले, “साहेब, आम्ही वीस वर्षं पुढेच टाकतोय.” मी त्यांना शांतपणे पुन्हा समजावलं. माझे चारही टायर एकाच वयाचे असल्यानं शेवटी चारच घेतले, त्यामुळे तो वाद तिथेच संपला.

बसवायला गेले तेव्हा टायर गोदामातून येऊन भिंतीशी उभे होते. बसवण्याआधी तारखा बघितल्या. तिघांवर २९२५ आणि २७२५. चौथ्यावर ५१२३. जवळपास दोन वर्षांचा. पोरगा म्हणाला, नवीनच आहे, स्टिकर पण निघालेलं नाही. टायर सावलीत नीट ठेवलेला असेल तर वर्षभर जुना असण्यानं बिघडत नाही हे मला माहीत होतं, पण एकाच पैशात तीन ताजे आणि एक जुना का घ्यावा? बदलून द्या म्हटलं. थोडी कुरकुर झाली, तासाभरात दुसरा आला. आयएसआयची खूणही तेव्हाच बघून घेतली, ती टायरवर असणं सक्तीचं आहे.

मशीनवर बसवताना मी शेजारी उभी राहिले. जुना टायर रिमवरून सोडवताना बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी टायरची कड, सुटल्याचा मोठा आवाज झाला, आत बारीक लाल धूळ होती. कारागिरानं रिमची कड तारेच्या ब्रशनं घासून काढली, रबरी व्हॉल्व्ह चारही नवीन लावले, कडेला साबणासारखी पेस्ट फिरवली. नवीन टायरवर एक पिवळा ठिपका असतो, टायर जिथं सर्वात हलका तिथं. तो व्हॉल्व्हसमोर आणला की बॅलन्सिंगला शिशाची वजनं कमी लागतात. या कारागिराला ते सांगावं लागलं नाही, त्यानं स्वतःच ठिपका फिरवून जागेवर आणला. एका चाकाला दहा ग्रॅम, एकाला पंधरा, बाकी दोन्हींना त्याहून कमी. असे हात बघायला मिळाले की बरं वाटतं, आणि त्याला तसं म्हटलंही. नटांना मशीनची (नट आवळायची) गन मात्र नुसती टेकवण्यापुरती वापरायला सांगितली, शेवटचा आवळ पान्यानं हातानं. गननं पिळलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर माझ्याच्यानं सुटत नाहीत, आणि घाटात तेव्हा मदतीला कुणी असेलच असं नाही.

नायट्रोजन भरायचा का, असं विचारलं. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. साधी हवा भरून महिन्यातून दोनदा तपासली तर पुरे. बीड नीट बसावी म्हणून बसवताना हवा जास्त भरतात, ती नंतर उतरवायची राहून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना तपासलं तर चारही चाकांत सात-आठ पॉइंट जास्तच होती. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच ठेवायचा. टायरवर जो दाब लिहिलेला असतो ती कमाल मर्यादा असते.

अलाइनमेंट नवीन टायरांवर करून घेतली आणि आधीचा-नंतरचा कागद मागून घेतला. पुढच्या डाव्या चाकाचा टो, म्हणजे चाकाच्या तोंडाची दिशा, बाहेर गेलेला होता, म्हणूनच आतली कड खाल्ली गेली होती. हे दुरुस्त न करता नवीन टायर घातला असता तर तोही तसाच गेला असता.

जुने टायर दुकानदार थोडे पैसे देऊन घेतो. माझे घेण्याआधी मी कटरनं चारही टायरांच्या साइडवॉलवर चीर मारायला लावली. झिजलेल्या टायरच्या खाचा गरम हत्यारानं पुन्हा कोरून ते जुन्या बाजारात विकले जातात, आणि ते विकत घेणारा बहुधा ज्याला नवीन परवडत नाही असाच कुणी असतो. माझ्या गाडीवरून उतरवलेला टायर दुसऱ्याच्या लेकराबाळांखाली जाऊ नये, एवढं माझ्या हातात होतं. त्यासाठी पैसे कमी मिळाले, ते चालले.

नवीन टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर असतो, पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये तो निघून जातो. तेवढं अंतर सातारा-पुण्याच्या रस्त्यावर सावकाश काढलं. मग भाऊबीजेला चिपळूण. २०२५ मध्ये पाऊस दिवाळीतही जायचं नाव घेत नव्हता, हेळवाकच्या पुढे रस्ता ओला मिळालाच. ब्रेक लावल्यावर पायाखाली काही थरथरलं नाही, वळणावर गाडी जिथं वळवली तिथं वळली, चढावर चाक फिरलं नाही. आवाज जुन्या टायरांपेक्षा कमी आहे. मायलेज लिटरमागे अर्ध्या किलोमीटरनं कमी झाल्यासारखं वाटतं आहे. नव्या, खोल नक्षीच्या टायरला सुरुवातीला ते होतंच.

दादाला हे सगळं सांगितलं तेव्हा त्यानंही टॉर्च आणला. त्याची गाडी कमी फिरते, पस्तीस हजारही झालेली नाही, नक्षी माझ्या जुन्या टायरांपेक्षा कितीतरी चांगली. आकडे निघाले ३८१७. २०१७ सालचा अडतिसावा आठवडा. त्याला मी पुढच्या मृगाच्या आत चारही बदलायला सांगितले आहेत, आणि भाव काढायचं काम माझ्याकडे घेतलं आहे.

आमची स्टेपनी अजून मूळचीच आहे, २०२० ची. डिकीत अंधारात असल्यानं ती वरून कोरी दिसते, पण वय तेच. तिला मी फिरतीत घेतलेलं नाही. पंक्चर झाल्यास जवळच्या दुकानापर्यंत, पन्नासच्या आत, एवढाच तिचा उपयोग. चारही टायरांची पुढची-मागची अदलाबदल आठ हजारांवर करायची आहे, अलाइनमेंटही तेव्हाच. गेजनं मोजलेले आकडे तारखेसकट गाडीच्या सर्व्हिस बुकच्या शेवटच्या पानावर लिहायला सुरुवात केली आहे, पुढे ८.०, मागे ८.०.